काकाजी वाक्य देतात

श्रावण बकाराम शहारे. मला चारचौघांत तोंड उघडायला शिकवलं त्या माणसाचं हे नाव. माझे चुलत सासरे, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. मी सातवीत शाळा सोडलेली बाई, लिहिताना इकडचं तिकडं होईल. पण उपकार करणाऱ्याचं नाव आधी घ्यावं आणि मग आपलं रडगाणं गावं, असं आमच्याकडं म्हणतात. म्हणून नाव घेतलं. आता गोष्ट.

काकाजींची खोड अशी, की समोरचा माणूस बोलता बोलता थांबला, की ते त्याला पुढचं वाक्य देतात. हळूच देतात. म्हणजे त्यांच्या मते हळूच. ती कुजबुज आमच्या अंगणातून निघाली की विहिरीवरच्या बायांना ऐकू जाते आणि त्या तिथून उत्तर देतात.

मी मूळची इचलकरंजीची. शाळा सुटली तशी यंत्रमागावर कांड्या भरायला लागले. तिथंच दिलीप कामाला आला होता, गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावकडचा. लग्न झालं आणि एका रात्रीच्या गाडीनं मी महाराष्ट्राच्या त्या टोकावरून या टोकावर आले. इथं कुणाची भाषा कळेना. सासूबाईंनी दारातच अडवलं, "नाव घे." मी उखाणा पाठ करून आणला होता, तो गाडीतच कुठं तरी उतरून गेला असावा. पायाखाली माप, समोर तीस बाया, आणि माझ्या डोक्यात नुसता मागाचा खडखडाट. इतक्यात दाराआडून कुणीतरी कुजबुजलं, "धानाच्या बांधीत पाणी भरलं काठोकाठ."

मी म्हटलं, "धानाच्या बांधीत पाणी भरलं काठोकाठ."

"दिलीपरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

"दिलीपरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

"लाजून. खाली पाहून."

मी म्हटलं, "लाजून, खाली पाहून."

बाया जमिनीवर बसल्या हसायला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. दाराआडचा आवाज तेवढा चिडला होता, "अवो, ते बोलाचं नोव्हतं, कराचं होतं!" ही माझी आणि काकाजींची पहिली भेट.

पुढं कळलं, की हा माणूस तीस हिवाळे नाटकाचा प्रॉम्प्टर होता. आमच्या इकडं दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होतो, आणि पट झाला की रात्रभर नाटक. वीस वीस कलाकार, गाणी, तलवारी, खून, आणि शेवटी सकाळी कोंबडा आरवताना खलनायकाला पश्चात्ताप. नटांच्या तालमी कमी आणि प्रयोग जास्त, त्यामुळं सगळी मदार प्रॉम्प्टरवर. स्टेजपुढं पेटीवाल्याच्या बाजूला काकाजी एक टॉर्च आणि एक वही घेऊन बसायचे आणि वीस जणांची वाक्यं एकटे द्यायचे. राजाची, राणीची, हवालदाराची, मरणाऱ्याची. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर म्हणत, "हिवाळाभर नाटकं. उन्हाळ्यात पोरगी पाहाले जावं, तं आवाजच बसला राहे."

मग नव्या मंडळ्या आल्या, नवे कलाकार आले, काकाजींना चष्मा लागला आणि बोलावणं बंद झालं. नाटक सुटलं पण वाक्य देणं काही सुटलं नाही.

तालुक्याला एका कचेरीत आम्ही दाखल्यासाठी गेलो होतो. बाबू खर्रा चघळत म्हणाला, "तुमचं काम..." आणि थुंकायला खिडकीकडं वळला. काकाजी कुजबुजले, "आजच होऊन जाईन." बाबू वळला तो म्हणाला, "आजच होऊन जाईन," आणि मग स्वतःच दचकला. पण मागं रांगेतल्या बारा जणांनी ऐकलं होतं. दाखला त्या दिवशी मिळाला. तेव्हापासून गावातली माणसं कचेरीत जाताना कागदपत्रांबरोबर काकाजींना नेतात. दवाखान्यातही नेतात. डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणतो, "हे जे दिसतंय ना, ते..." आणि काकाजी लगेच, "काही घाबराचं काम नाही." पेशंट तिथंच अर्धा बरा होतो. डॉक्टर काय म्हणतो ते नंतर.

एकदा बांधावरून दोन शेजारी भांडले. एकाच्या शिव्या संपल्या. काकाजींनी त्याला दोन दिल्या. दुसरा म्हणाला, "वा रे काकाजी, तुमी त्याच्याकडून काऊन?" काकाजींनी त्यालाही दोन दिल्या. वर समजावून सांगितलं, "प्रामटर कोनाचाच नसते बावा. तो नाटकाचा असते." भांडण तासभर उत्तम रंगलं.

तर असे काकाजी. आणि अशा काकाजींना मी एकपात्री नाटकाला घेऊन गेले. चूक माझीच.

दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. महिला दिनाला तालुक्यातल्या बचत गटांनी आमगावला एका सभागृहात नागपूरच्या एका ताईंचं एकपात्री नाटक ठेवलं. आमच्या गटाच्या अध्यक्ष कौशल्याबाई. त्यांनी बैठकीत विचारलं, आभार कोण मानेल? सगळ्या बाया एकदम लुगड्याचे काठ तपासायला लागल्या. कौशल्याबाई माझ्याकडं वळल्या.

"तू मान. तू तिकडली. तुह्यी मराठी चांगली रायते."

बाकीच्या खुदकन हसल्या. माझी मराठी म्हणजे त्यांची रोजची करमणूक होती. आमच्याकडं बायकाही पुरुषांसारखं बोलतात, मी तसं "आलो, आलो" म्हणत निघाले की मागून चार जणी "आलो, आलो" करायच्या. इथं येऊन चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत मी लोकांपुढं एक अख्खं वाक्य बोलले नव्हते. भीती अशी, की स्टेजवर अडखळले तर जन्मभर नकला होतील. आणि मनात हेही होतं, की एकदा, एकदाच, नीट बोलता आलं तर कदाचित "तिकडली" म्हणायचं थांबतील. घरी येऊन मी चुलीपुढं बसून रडले.

मागं कुजबुज झाली, "मी आहो ना."

आठ दिवस काकाजींनी माझी तालीम घेतली. गोठ्यात, म्हशीपुढं. "म्हशीनं कान हलवला तं समज, मागल्या रांगेपर्यंत आवाज गेला." मी कागदावर लिहून काढलं होतं, तो कागद त्यांनी पहिल्याच दिवशी म्हशीपुढं टाकला. तिनं खाल्ला. "कागद हाती घेतला का मानूस कागदाशी बोलते, लोकायशी नाही. तू बोल. अटकली का मी पहिल्या रांगेत बसून देतो." क्रमही त्यांनीच लावला. आधी ताई, मग पाहुण्या, मग कौशल्याबाई, सभागृहवाले, माईकवाला, शेवटी मायबाप प्रेक्षक. आठव्या दिवशी मी न अडखळता म्हटलं. म्हैस दोन्ही कान हलवत होती. माशा असतील, पण मला धीर आला.

त्या रात्री जेवताना काकाजींनी विचारलं, "पार्टीत किती कलाकार?"

"एकच बाई."

"बाई एक. अन् बाकी?"

"बाकी कुणी नाही, काकाजी. एकपात्री आहे."

"मंग तिले वाक्य कोन देते?"

"कुणीच नाही."

काकाजींचा घास हातातच राहिला. "एकटी पोरगी. दीड घंटा. अन् मागं कोनी नाही?" ते दिलीपकडं वळले. "अरे, हे तं पोलिसात देन्यासारखं काम आहे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनचं नाटक. काकाजी आले ते चादर, मुरमुऱ्याची थैली आणि लोटाभर पाणी घेऊन. नाटक म्हणजे सकाळपर्यंत, हा हिशेब त्यांच्या हाडात बसलेला. मी म्हटलं साडेचारला संपतं, तर म्हणाले, "साडेचारले तं आमची नांदी संपे." पहिल्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मी शेजारी, मनात आभारांचा क्रम घोकत.

पडदा उघडला. स्टेजवर एक रिकामी खुर्ची आणि एक बाई. साधं सुती पातळ नेसलेली. ती त्या खुर्चीशी बोलायला लागली. खुर्चीत तिचा नवरा बसलाय असं धरायचं होतं. आम्ही धरलं. काकाजींनी धरलं नाही.

"नवऱ्याचा कलाकार आला नाही वाटते," ते मला म्हणाले. "गाडी चुकली असन त्याची. पाय, बिचारी कशी धकवून राहिली."

"काकाजी, असंच असतं ते."

"असं कसं असन?"

दहा मिनिटं बरी गेली. मग ताई स्टेजच्या मध्यावर आल्या आणि म्हणाल्या, "त्या संध्याकाळी मी दार उघडलं. आणि दारात..." त्या थांबल्या. मला बाजूची खुर्ची करकरल्याचं ऐकू आलं. मी हात धरायला गेले, पण उशीर झाला होता.

"दारात पोलीस!"

कुजबुज शेवटच्या रांगेच्या भिंतीवर आपटून परत आली. तीनशे बाया हसत वळल्या. ताईंनी डोळा हलवला नाही. "दारात," त्या म्हणाल्या, "कुणीच नव्हतं."

काकाजींनी मान हलवली. "चुकली. पोलीस बेस होता."

माईकवाला गोंदियाचा होता, तो बाजूनं म्हणाला, "चाचा, शांती रखो जरा." काकाजींनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की याला रंगभूमीतलं काय कळतंय.

थोड्या वेळानं ताई खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसल्या. आवाज भरून आला होता. "एवढी वर्षं झाली. तुम्ही मला एकदा तरी, एकदा तरी विचारलंत का..."

"जेवली काय?"

यावेळी मात्र कुणी हसलं नाही. माझ्या मागं बसलेली म्हातारी नुसती म्हणाली, "होय ना व माय." ताईंचं खरं वाक्य होतं, की तुला काय हवंय. ते त्या बोलल्या, पण बोलायच्या आधी त्यांनी एकदा काकाजींच्या कोपऱ्याकडं बघितलं.

कौशल्याबाईंनी रांगेच्या त्या टोकावरून माझ्याकडं डोळे वटारले. मी काकाजींच्या कानात म्हटलं, "काकाजी, तुमच्या पाया पडते. त्यांना सगळं पाठ आहे. त्या मुद्दाम थांबतात."

"मुद्दाम?" त्यांना ते पटेना. "मुद्दाम कोन अटकते?"

आणि मग ती जागा आली. ताई त्या रिकाम्या खुर्चीत स्वतःच बसल्या, आमच्याकडं तोंड करून, आणि काहीच बोलल्या नाहीत. मी मनात वीसपर्यंत मोजलं. पन्नासपर्यंत मोजलं. काकाजींच्या कपाळावर घाम. तोंडातल्या तोंडात "दे रे कोनी, दे रे" चाललेलं. सभागृहातल्या तीनशे माणसांत त्यांच्या मते ते स्वतः एकटेच होते, ज्यांना त्या पोरीवर काय संकट आलंय ते कळत होतं. मी त्यांचा सदरा धरला. सदरा माझ्या हातात राहिला असता, इतक्या जोरात ते उठले. वाकून वाकून स्टेजच्या कडेला गेले, तिथं उकिडवे बसले, आणि हाताचा द्रोण तोंडाला लावून त्यांनी आपलं ठेवणीतलं वाक्य दिलं. हे वाक्य त्यांनी राजाला दिलं होतं, भिकाऱ्याला दिलं होतं, एकदा तर मेलेल्या माणसालाही दिलं होतं. कोणत्याही नाटकात, कोणाच्याही तोंडी बसतं.

"हे नियती! अजून किती परीक्षा पायशील!"

ताईंनी खाली पाहिलं. त्यांचा ओठ थरथरला. मग त्या झटकन उठून प्रेक्षकांकडं पाठ करून उभ्या राहिल्या, आणि त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. हलतच राहिले. हसू दाबत होत्या, हे पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसत होतं. पण मागच्या बाया हळहळल्या, "अगाई, किती रडून राहिली व बिचारी." दोघी तिघींनी डोळे पुसले. टाळ्याही पडल्या. काकाजी समाधानानं जागेवर येऊन बसले. "वाचली," ते म्हणाले.

कौशल्याबाई मात्र वाकत वाकत आमच्यापर्यंत पोचल्या. "याले बाहेर काढ. आत्ता. नाही तं तुह्ये आभार दुसरी मानन."

काकाजी बाहेर गेले तर मला वाक्य कोण देणार? कागद तर म्हशीनं खाल्लेला. आणि ज्या माणसानं आठ दिवस माझ्यासाठी गोठ्यात काढले, त्याला मी सांगू कसं, की उठा? मी त्यांच्याकडं पाहिलं. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

काकाजींनीच ते वाक्य दिलं. "काकाजी, तुमी बाहेर बसा." आणि स्वतःच उठले. चादर घेतली, मुरमुरे घेतले. जाताना वाकून म्हणाले, "आता तोंडातून अक्षर काढनार नाही. तुह्ये आभार नाही गेले पायजे."

नाटक संपलं. टाळ्या झाल्या. माईकवर माझं नाव पुकारलं. मी कशी चढले ते आठवत नाही. माईक माझ्या तोंडापेक्षा वर होता, माईकवाल्यानं तो खाली केला तेव्हा त्यातून शिट्टी निघाली. समोर तीनशे तोंडं. मी म्हटलं, "नमस्कार." पुढं काही नाही. डोक्यात परत तो मागाचा खडखडाट. कुठं तरी "आलो, आलो" असं कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं आणि दोघी हसल्या.

मी पहिल्या रांगेतल्या कोपऱ्यात पाहिलं. खुर्ची रिकामी. मग खिडकीकडं पाहिलं.

काकाजी बाहेरून गज धरून उभे होते. गळ्यातला दुपट्टा त्यांनी तोंडात कोंबला होता. अर्धाअधिक आत. डोळे वटारलेले, गाल फुगलेले, मान तांबडी झालेली. पुढचं वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलेलं मला दिसत होतं, आणि हा माणूस ते दुपट्ट्यानं अडवून धरत होता. तीस हिवाळ्यांत पहिल्यांदा.

ते ध्यान बघून मला हसूच आलं. लोकांपुढं, माईकवर. आणि हसल्यावर जिभेची गाठ सुटली.

मी बोलले. क्रम सगळा चुकला. माईकवाल्याचे आभार सर्वांत आधी मानले, तर तो इतका चपापला की त्यानं आवाज वाढवला. मग ताईंचे, मग कौशल्याबाईंचे. पाहुण्या राहिल्याच. वीज गेली नाही म्हणून विजेचेही मानले. माझ्याच भाषेत बोलले, इचलकरंजीच्या. आणि शेवटी, तालमीत नसलेलं, म्हणाले, "नाटकात मधून मधून जो आवाज आला, त्यांना माफी असावी. ते आमचे काकाजी. श्रावण बकाराम शहारे. त्यांनी मला बोलायला शिकवलं. त्यांचे आभार मानतो."

टाळी पहिली ताईंनी वाजवली.

बाहेर आले तर खिडकीशी कुणी नाही. चादर तेवढी भिंतीला टेकवलेली. शोधत गेले तर काकाजी सभागृहाच्या मागं, सायकली लावतात तिथं, कुणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरवर बसलेले. दुपट्टा मांडीवर, ओला गोळा झालेला.

"पाहुण्या राहिल्या," ते म्हणाले.

"राहिल्या खऱ्या."

"अन् माहं नाव कायले घेतलं? तालमीत नोव्हतं."

ते दुपट्ट्याच्या घड्या घालायला लागले. एक घडी घातली, मोडली, परत घातली.

"पार्टीत नाटक संपलं का मालक माईकवर नावं सांगे. नटायची. पेटीवाल्याचं. तबलेवाल्याचं. लायटवाल्याचं. एका गावी तं चहा देनाऱ्याचं बी सांगतलं. मी वही बांधून बसून राहो, आयकत. तीस वर्षं झाली. माहं कोनी..."

ते थांबले.

पुढचं वाक्य मला येत होतं. पण ते मी दिलं नाही. पलीकडं रस्त्यावर एसटी थांबली, माणसं उतरली, एसटी गेली.

मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "एक डाव अजून घे बरं. खिडकीतून नीट आयकू नाही आलं."

मी घेतलं. मोठ्यानं घेतलं. सायकली काढायला आलेल्या बाया थबकून बघायला लागल्या, तरी अख्खं घेतलं, बापाच्या नावासकट.

काकाजी आता थकलेत. कमी ऐकू येतं, त्यामुळं समोरचा थांबला की बोलतोय हेच त्यांना कळत नाही, आणि गावातली भांडणंही लवकर मिटतात. मी ठरवलंय. आमच्या गटातल्या बायांना घेऊन एक नाटक बसवायचं. चांगलं वीस पात्रांचं, कोंबडा आरवेपर्यंत चालणारं. कसं बसवतात ते मला ठाऊक नाही, आणि कौशल्याबाईंना विचारायची अजून भीती वाटते. पण बसवणार. पत्रिका छापून आणणार, आणि तिच्यावर सगळ्यांत वर, नटांच्याही वर, काकाजींचं नाव घालणार. मग ती पत्रिका त्यांच्या हातात देऊन मी शेजारी गप्प बसेन, त्यांचं वाचून होईपर्यंत.